जिवंतांची शोकवार्ता

तालुक्याहून फोन आला तेव्हा थोआ डुकरांच्या लशीची घोषणा लिहीत बसली होती. ‘आपली डुकरं! आपल्या घामाची डुकरं! आपल्या लेकरांच्या वह्या-पुस्तकांची डुकरं!’ इथवर ती आली होती, आणि चौथी ओळ याहून वरच्या पट्टीत कशी न्यावी या विचारात पेनाचं टोपण चावत होती. शेजारच्या टेबलाशी अध्यक्ष थुआत फोन कानाला लावून नुसते ‘हो, हो’ करत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी चहाचा पेला उचलला आणि घोट न घेताच खाली ठेवला.

“डुकरं राहू दे, ताई. वरच्या अंगाला दोन्ही नद्या एकदम फुगल्यात. पाणी संध्याकाळच्या आत इथं येतंय. बांधाबाहेर एक माणूस राहता कामा नये.”

“किती पाणी?”

“छपराला लागेल म्हणतात.”

बांधाबाहेर म्हणजे बाय-दाऊ. दोंग-वाक गाव बांधाच्या आत सुरक्षित बसलेलं. पण बांध आणि नदी यांच्यामधल्या गाळाच्या पट्ट्यावर वीसेक घरांची वस्ती होती, तुतीच्या शेतांत गळ्यापर्यंत बुडालेली. तिथं पिढ्यान् पिढ्या रेशीमकिडे पाळतात. आणि तिथंच थोआची थोरली बहीण लुआ एकटी राहत होती. लुआचा नवरा लढाईवर गेला तो परतला नाही. आई गेल्यावर थोआला न्हाऊमाखू घालून शाळेत पाठवलं ते लुआनं.

गावात फोन एकच, तो या टेबलावर. धडधाकट गडी बहुतेक सगळे पहाटेपासून वरच्या वळणावर गेलेले, बांध पाझरत होता तिथं मातीच्या गोण्या रचायला. बाय-दाऊला सांगायचं ते कर्ण्यानंच. सावरीच्या झाडाला बांधलेला एक कर्णा त्या वस्तीतही होता.

“लिही,” थुआत म्हणाले. “चांगलं जोरदार लिही.”

जोरदार लिहिण्यात थोआचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं. तिनं कोरा कागद ओढला, सगळी शस्त्रं बाहेर काढली, माइक सुरू केला आणि वाचलं:

“भावांनो! बहिणींनो! बाय-दाऊच्या समस्त जनांनो! तातडीची सूचना! अत्यंत तातडीची, आजवरच्या सर्व सूचनांहून तातडीची सूचना! पाणी येत आहे! भयंकर पाणी, महाभयंकर पाणी! आपण काय हातावर हात ठेवून बसणार आहोत? आपली लेकरं नदीच्या जबड्यात देणार आहोत? नाही! नाही! त्रिवार नाही! उठा! निघा! बांधावर या!”

तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा तर शेवटच्या शब्दावर तिचा आवाज फाटला. मग ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. रस्त्यावरून एक बाई कलमी भाजीच्या जुड्या घेऊन चालली होती. ती चालतच राहिली.

थोआ काही जन्मतः अशी नव्हती. शाळेत ती मागच्या बाकावर बसून नखं कुरतडणारी मुलगी. सहकारी संस्थेच्या कचेरीत भाताच्या नोंदी करायला लागली. कर्ण्यावर वाचणाऱ्या बाई बाळंत झाल्या म्हणून हिला थोडे दिवस तिथं बसवलं, आणि त्या बाई काही परत आल्या नाहीत. मग प्रांताच्या शहरात निवेदकांचं शिबिर झालं. तिथं सतत खोकणारे, काटकुळे असे एक मास्तर शिकवायला होते. ते म्हणाले, “गोष्ट एकदा सांगितली की कानात जाते, दुसऱ्यांदा सांगितली की डोक्यात. तिसऱ्यांदा सांगितली की पायात उतरते आणि माणूस उठून चालायला लागतो.” शब्द चढत्या भाजणीनं मांडावेत, उत्तर सगळ्यांना ठाऊक असेल असाच प्रश्न विचारावा, ‘तुम्ही’ म्हणू नये, ‘आपण’ म्हणावं, असं बरंच काही त्यांनी शिकवलं. तापलेल्या जमिनीनं पाणी प्यावं तसं थोआ ते सगळं प्यायली.

सुरुवातीला त्याचा गुणही आला. तिच्या पहिल्याच उंदीर-मोहिमेत लोकांनी शेपट्या टोपल्या भरभरून आणल्या. तालुक्यानं तिला फुलांच्या नक्षीचा थर्मास दिला. तिथंच सगळं बिघडलं. जोर हा मिरचीसारखा असतो. जिभेला सवय झाली की हात सैल सुटतो. मग कोंबड्यांची लस तातडीची झाली, शाळेच्या कुंपणाचे बांबू अत्यंत तातडीचे झाले, पाटातला गाळ काढणं हा जीवनमरणाचा प्रश्न झाला. ‘आपण झोपून राहणार आहोत का?’ असं थोआनं कर्ण्यावरून विचारलं की अंगणाअंगणातून उत्तर यायचं, ‘हो, राहणार!’ आणि हशा पिकायचा. तिचा नवरा कर्ण्याकडे पाठ करून जेवायचा. थोआला हे सगळं दिसत होतं. पण तिनं त्यावर इलाज काढला तो आणखी एक उद्गारचिन्ह घालण्याचा. शिकलेल्या माणसांचं असंच असतं. औषध लागू पडत नाही म्हटलं की आधी मात्रा वाढवतात.

खिडकीशी उभं राहून तिला राहवेना. तिनं सायकल काढली.

बांधावर चढल्यावर नदी दिसली. दर साली श्रावणात दिसते त्याहून काही फार वेगळी नव्हती; तांबडी, फुगलेली, मधून मधून केळीचे खुंट वाहून नेणारी. हीच तर पंचाईत होती. पाणी दर साली यायचं, अंगणात शिरायचं, फार तर उंबऱ्याला पाय लावून परत जायचं. बाय-दाऊच्या लोकांना नदी म्हणजे न सांगता येणारी आणि आपली आपण जाणारी आत्या होती.

वस्तीत शिरताना पहिलं घर ख्वात आजोबांचं. वय नव्वदीच्या उंबऱ्यावर, जुन्या चालीप्रमाणे काळे केलेले दात अजून बळकट. ओसरीवर बसून ते बांबूच्या हुक्क्यात तंबाखू दाबत होते.

“या, महाभयंकर बाई, या!”

“आजोबा, थट्टा नको. सामान आवरा. दोआन कुठाय?”

“पोरगा गोण्या टाकायला गेलाय. तू बस. मला एक सांग. मागं उंदराच्या शेपट्या महाभयंकर होत्या. मग खताची वसुली महाभयंकर झाली. आता पाणी महाभयंकर. या तिघांत थोरलं कोण, धाकटं कोण, ते एकदा ठरवून दे. म्हणजे आम्ही त्या मानानं घाबरू.”

“छपरापर्यंत येणारे, आजोबा!”

“तू गाळाबद्दलही असंच म्हणाली होतीस. गाळ माझ्या घोट्यालासुद्धा लागला नाही.” त्यांनी हुक्का गुडगुडवला. “तू बोलायला लागलीस की आमच्या कोंबड्याही आता मान वर करत नाहीत गं.”

थोआ पुढं पळाली. घराघरांतून करकर, करकर असा आवाज येत होता. किडे शेवटच्या खादाड अवस्थेत होते. या दिवसांत त्यांना दिवसरात्र पाला लागतो. जरा हयगय झाली की कोश पातळ, आणि सगळी मेहनत मातीत. लुआच्या घरात बांबूची रुंद सुपं मांडणीवर छतापर्यंत चढलेली, आणि लुआ तोंडात विडा धरून तुतीचा पाला पसरत होती.

“ताई, चल.”

“कुठं?”

“कुठं काय? ऐकलं नाहीस मी काय वाचलं ते?”

“ऐकलं की. काहीतरी भयंकर, आणि मग महाभयंकर. मग तू ओरडलीस, नाही, नाही, त्रिवार नाही.” लुआनं नवं सूप पुढं ओढलं. “घसा दुखत असेल. मध घेऊन जा जाताना.”

“पाणी किती येणार म्हणाले मी? कधी येणार?”

लुआ थांबली. आठवून पाहिलं. “ते तू सांगितलंस का?”

थोआनं खिशातला कागद काढला आणि वाचला. नव्हतं सांगितलं. संध्याकाळ नव्हती, छप्पर नव्हतं. जबडा होता. “छपराला लागेल, ताई. संध्याकाळच्या आत,” ती म्हणाली.

“हे बघ,” लुआ समजुतीच्या सुरात म्हणाली, “आणखी दोन दिवसांत हे कोश धरतील. आत्ता हलवले तर सगळं गेलं. पाणी उंबऱ्याला लागलं तर वरच्या मांडणीवर चढवीन. तू नको जीव टाकूस. बरं, ते जाऊ दे. गावातल्या हाय म्हातारीला उद्या सकाळी स्मशानात पोचवायचं ना? मीही येणारे. पाऊण तास चालायला लागेल. तिच्या घरच्यांनी फुलं नकोत, फक्त उदबत्ती आणा, असं सांगितलंय. चौऱ्याऐंशी म्हणजे काही थोडं नाही गं. झोपेतच गेली, सुटली.”

हाय म्हातारीची शोकवार्ता थोआनंच काल वाचली होती, आणि तीही एकदाच. आधी कॅसेटवरची शोकधून, मग नाव, वय, राहणार कुठली, कधी गेली, कधी पोचवायचं, घरच्यांचा निरोप. शोकवार्तेत आमच्याकडे एक विशेषण जास्त घालत नाहीत. मेलेल्या माणसापुढे आवाज चढवणं शोभत नाही. आणि लुआला त्यातला शब्द न् शब्द पाठ होता. थोआनं शेजारणीला विचारलं, पलीकडच्या घरातल्या तिएपला विचारलं. सगळ्यांना पाठ होतं. धून वाजली की हातातलं काम थांबवून, जेवणाच्या काड्यासुद्धा खाली ठेवून माणसं ऐकतात. आपल्यातलं कोण गेलं ते कळायला हवं ना.

परत येताना बांधाच्या चढावर ती सायकलवरून उतरली. नदीत आता केळीच्या खुंटांबरोबर कुणाच्या तरी गोठ्याचं अख्खं छप्पर वाहत चाललं होतं.

कचेरीत थुआत पुन्हा फोनवर होते. “निघाले का लोक?” त्यांनी फोनवर हात धरून विचारलं.

“नाही. अध्यक्ष, मी जरा वेगळं वाचणार आहे. शोकधून लावून.”

“कोण गेलं?”

“कुणी नाही. अजून.”

थुआतना समजायला एक क्षण लागला. मग त्यांचा चेहरा उतरला. “जिवंत माणसांची? वेड लागलंय का तुला? लोक तुझी हाडं मोडतील आणि मग माझी. अशुभ बोलायचं तेही सरकारी कर्ण्यावरून! मुळीच नाही. आहे तेच वाच, आणखी चारदा वाच.” फोनमधून कुणीतरी ओरडत होतं, ते पुन्हा तिकडे वळले.

थोआ आतल्या खोलीत गेली आणि दाराला कडी घातली.

लिहायला बसली तेव्हा सवयीनं हातातून ‘बाय-दाऊच्या समस्त’ असं उमटलं. तिनं ते खोडलं. मग ‘अत्यंत दुःखाने’ लिहिलं, तेही खोडलं. वस्तीतली सगळी घरं तिला ठाऊक होती, घरातली कर्ती माणसं ठाऊक होती. पण पहिलं नाव कुणाचं घालणार? दुसऱ्याच्या माणसाचं नाव आधी घ्यायचा तिला काय अधिकार? तिनं पहिली ओळ लिहिली आणि ती पुन्हा वाचली नाही. पुढची नावं भराभर लिहिली. फक्त ख्वात आजोबांच्या घराशी पेन अडलं. नव्वदीचा म्हातारा, पिकलं पान. त्याचं नाव शोकवार्तेत घ्यायचं म्हणजे यमाला घराचा पत्ता देणं. तिच्यानं ते होईना. तिनं त्या जागी मुलाचं, दोआनचं नाव घातलं.

कॅसेट लावली. धून सगळ्या कर्ण्यांतून एकदम वाहू लागली, आणि थोआला खिडकीतून दिसलं की सायकलवरून जाणारा एक माणूस उतरला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढली. तिनं धून पुरती वाजू दिली. मग माइक जवळ ओढला आणि हलक्या आवाजात वाचलं:

“शोकवार्ता. श्रीमती लुआ. वय बासष्ट. राहणार बाय-दाऊ.”

ती थांबली. एका नावाइतकी जागा सोडून पुढचं नाव घ्यायचं असतं.

“श्रीयुत तिएप. वय सत्तेचाळीस. राहणार बाय-दाऊ.”

बाहेर कडी वाजायला लागली. “थोआ! दार उघड! थोआ!”

“श्रीमती म्यान. वय एकोणसत्तर. राहणार बाय-दाऊ. श्रीयुत दोआन. वय त्रेपन्न. राहणार बाय-दाऊ.”

ती वाचत गेली. आवाज ना चढला ना उतरला. दारावरचे धक्के मध्येच बंद झाले. थुआत पलीकडे उभं राहून ऐकत असावेत. शेवटचं नाव झाल्यावर तिनं पान उलटलं.

“वर नावं घेतलेल्यांच्या घरांत आज संध्याकाळच्या आत छपरापर्यंत पाणी येणार आहे. ही माणसं त्याआधी बांधावर आली, तर ही वार्ता रद्द समजावी.”

माइक बंद केला. दार उघडलं तेव्हा थुआत भिंतीला टेकून उभे होते. “काय केलंस हे,” ते म्हणाले. एवढंच.

ती बांधावर जाऊन उभी राहिली. आधी काहीच दिसेना. तुतीची हिरवी गर्दी तशीच हलत होती. तिच्या मनात आलं, ऐकून घरात बसले असतील. कुणाच्या छातीत कळ आली असेल. मी कुणाला खरंच मारलं असेल. मग तुतीतून एक टोपी वर आली, तिच्या मागून दुसरी. मग एकदम सगळी वस्तीच पायवाटेवर ओतली गेली. पण पळणाऱ्या माणसांसारखी नाही, भांडायला निघालेल्या माणसांसारखी. तिएपच्या हातात काठी होती. म्यान म्हातारी सुनेच्या पाठीवर बसून तिथूनच शिव्या घालत होती. आणि सगळ्यांच्या पुढं लुआ, डोक्यावर एकावर एक दोन सुपं, सुपांत किडे, आणि चेहरा असा की थोआ दोन पावलं मागं सरली.

लुआनं सुपं जपून खाली ठेवली. वर आली आणि थोआच्या कानशिलात एक वाजवली. सगळ्यांना ऐकू गेली.

“मला मारलंस? मला? शेजारीण रडत घरात आली माझ्या! मी पाला घालतेय आणि ती दारात गळा काढून उभी! माझा हात हातात घेऊन चाचपत होती, गरम आहे का ते!”

“आम्ही काय केलं होतं तुझं?” तिएप ओरडला. “माझ्या पोरीला फेफरं यायचं बाकी होतं!”

“बाई, तुझ्या जिभेला किडे पडोत!” म्यान म्हातारीनं सुनेच्या खांद्यावरून हात नाचवला. “खाली उतरव गं मला, हिच्या झिंज्या उपटू दे!”

थोआ चेहरे मोजत होती. तिच्या डोक्यात घरं एकेक करून पुढं सरकत होती, हे आलं, हेही आलं, या घरची सून आली, तान्हं कडेवर आहे. आणि पहिल्याच घराशी मोजणी अडली. दोआन वरच्या वळणावरून धावत आला होता. त्याची बायको, पोरं, म्हैस सगळं होतं.

“आजोबा कुठायत?”

दोआनच्या बायकोनं कपाळावर हात मारला. “येत नाहीत! म्हणाले, माझं नाव कुठं घेतलंय? ज्यांना बोलावलंय त्यांनी जावं. घरातला कर्ता मी, आणि सांगावा धाडलाय पोराला! म्हणून रुसून बसलेत ओसरीवर. मी पाया पडले, तर हुक्का उगारला माझ्यावर.”

नदीकडून एक आवाज आला. फार मोठा नाही, मोठ्या जनावरानं कूस बदलावी तसा. तुतीच्या लांबच्या रांगांत पाणी शिरलं होतं आणि झाडं एकाच बाजूला कलायला लागली होती. शिव्या थांबल्या. म्यान म्हातारीनं सुनेच्या मानेला घट्ट मिठी घातली.

दोआन खाली नावेकडे पळाला. “तुला एकट्याला ऐकायचे नाहीत ते!” त्याची बायको मागून किंचाळली.

ते थोआलाही ठाऊक होतं. ती कचेरीकडे धावली, कधी नाही इतकी. धून लावायलाही वेळ नव्हता, आणि धुनेवाचून ती वार्ता होणार नव्हती. तिनं कॅसेट मागं फिरवली. ती फिरेपर्यंत उभी राहून दोन्ही मुठी आवळत होती. धून सुरू झाली. हे नाव घेतलं आणि म्हातारा खरंच गेला तर? न घेतलं तर जाणारच होता. तिनं डोळे मिटून वाचलं.

“शोकवार्ता. श्रीयुत ख्वात. घरातील ज्येष्ठ. वय एकोणनव्वद. राहणार बाय-दाऊ. यांच्यासाठी होडी खाली उभी आहे.”

बांधावरून पुढचं सगळ्यांनी पाहिलं, ते तिला नंतर सांगितलं. दोआनची नाव ओसरीला लागली तेव्हा पाणी जोत्याच्या वर आलं होतं. आजोबा उभे राहिले, अंगरखा झटकला, कर्ण्याच्या दिशेनं मान डोलावली आणि मुलाचा हात न धरता नावेत बसले. थोआ परत आली तेव्हा नाव बांधाला लागत होती.

“एकोणनव्वद नाही, अठ्ठ्याऐंशी,” आजोबा नावेतूनच म्हणाले. “आणि आधी राहून गेलं होतं ते का?”

“भीती वाटली, आजोबा.”

“तुला? तुला कधी भीती वाटली लिहायला?” आणि ते खो खो हसले, आणि मग खोकले, आणि दोआननं त्यांना पाठीवर घेतलं.

संध्याकाळी छपरं दिसायची बंद झाली. सावरीच्या झाडावरचा कर्णा तेवढा वर राहिला. बाय-दाऊचं एकही माणूस गेलं नाही. किडे गेले, लुआनं आणलेल्या दोन सुपांतल्यांना गावातल्या देवळात पाला मिळाला खरा, पण कोश पातळ झाले.

थोआचे आभार कुणी मानले नाहीत. मानायचे कसे? थुआतनी तिला चूक कबूल करणारा खुलासा लिहायला लावला, आणि वाचून परत दिला. “विशेषणं कमी कर. मलाच रडू यायला लागलं.” बाय-दाऊची माणसं गाळ उपसायला परतली ती आधी घराघरांत भात आणि कोंबडी वाढून, उंबऱ्यावर उभं राहून, स्वतःची नावं घेऊन, वार्तेत गेलेला आपला जीव परत बोलावून. लुआनंही बोलावलं. तिनं धाकट्या बहिणीशी बोलणं टाकलं. बाजारात दिसली तर कोथिंबिरीकडे बघायची. थोआ तिच्या दाराशी मध ठेवून यायची. दुसऱ्या दिवशी बरणी कचेरीच्या पायरीवर परत.

लिहिणं मात्र बदललं. डुकरांच्या लशीची घोषणा आता अशी असायची: डुकरांना लस, सोमवारी सकाळी, शाळेजवळ. लोक कुरकुरले की काही गंमत राहिली नाही, पण डुकरं आणली.

थंडीत ख्वात आजोबा गेले. पुरानं नाही, कुणाच्या शब्दानं नाही; रात्री जेवून झोपले आणि उठले नाहीत. तसं काही जण पुटपुटलेच, की तिनं नाव घेतलं होतं. दोआन स्वतः कचेरीत आला आणि म्हणाला, “ताई, तूच वाच. त्यांना दुसऱ्या कुणाचं चाललं नसतं.” थोआनं वाचलं. धून, नाव, वय. आधी अठ्ठ्याऐंशी लिहिलं, एकोणनव्वद करायला गेली, मग आठवण झाली की वय वाढतं ते नव्या वर्षाला आणि ते अजून लागलं नाही, आणि तेच ठेवलं. घरच्यांचा निरोप वाचला. माइक बंद केला.

आणि बाय-दाऊत, धून ऐकल्याबरोबर, बायकांनी चुलीवरची भांडी उतरवली, पोरांना कडेवर घेतलं आणि सगळे नदी बघायला धावले. थंडीतली नदी, गुडघाभर, वाळूत अंग चोरून पडलेली. माणसं काठावर उभी राहून एकमेकांकडे बघत राहिली. आजोबांचं घर पहिलं, तिथून रडणं ऐकू येत होतं, तरी तिएप म्हणाला, “थोआनं पुन्हा काहीतरी चालवलंय.” दोआनला दारोदार जाऊन सांगावं लागलं की, खरंच गेले.

दुपारी कचेरीचं दार ढकलून लुआ आत आली. धापा टाकत होती. बांधापासून धावत आली असावी. टेबलापलीकडे थोआ उठून उभी राहिली.

“म्हातारा गेला?” लुआनं विचारलं. कित्येक महिन्यांतला पहिला शब्द.

“गेला, ताई.”

“खरंच?”

“खरंच. पहाटे.”

लुआ समोरच्या खुर्चीत बसली. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली, तोंड पुसलं.

“मी नदीपाशी उभी होते. विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळून,” ती म्हणाली. “सुपं भरून ठेवली होती पडवीत. आणि तिकडं म्हातारा घरात पडलेला, त्याच्यापाशी उदबत्ती लावायला शेजारचं एक माणूस नाही.” तिनं टेबलावरचा शोकवार्तेचा कागद आपल्याकडे फिरवला, बोट ठेवत ठेवत वाचला. “‘खरंच’ एवढा एक शब्द घातला असतास, तर काय बिघडलं असतं गं?”

थोआनं पेन उचललं. शोकवार्तेत तो शब्द कुठं घालतात, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

“इथं,” लुआ म्हणाली, आणि नावाच्या आधीच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. “आणि पुन्हा वाच. मी आहे इथं.”